पावसाच्या माथी

"पाऊस? माझ्या आईला पावसानं मारलं होय रे?"

व्हर्ना स्टिल्टनरनं फलकावरच्या निळ्या चादरीचा कोपरा मुठीत धरला होता. रस्त्याकडेला खुर्च्या मांडणारा रँडल हॅगर जागच्या जागी थिजला. अनावरणाला अजून वेळ होता. व्हर्ना आली होती ती खांबाभोवतीचं गवत काढायला. मेलेली माणसं आपली, मग फलक आधी वाचला तर कोण काय म्हणणार, म्हणून तिनं चादर वर केली होती.

"व्हर्ना, सोड ती. अगं, थोड्या वेळानं सगळ्यांसमोर तूच ओढणार आहेस ना!"

"वाच. मोठ्यानं वाच."

रँडलनं वाचलं नाही. त्याला गरजही नव्हती. जिल्ह्याच्या इतिहास समितीत बसून मजकूर त्यानंच तर लिहिला होता. अतिवृष्टीमुळे पिजन लिक गावचं धरण फुटलं, एकोणीस जण वाहून गेले, श्रद्धाळू रहिवाशांनी दरी पुन्हा वसवली. संपलं. धातूची ओतीव अक्षरं, पुढची शंभर वर्षं पुसायची नाहीत अशी.

धरण कसलं डोंबलाचं! कोळसा कंपनीनं खाणीतला दगडमाती-चिखल ओढ्यात ढकलून घातलेला बांध तो. आदल्या संध्याकाळी व्हर्नाचा बाप अर्ल त्याच्यावर चढला, तर बूट घोट्याच्या वर रुतले. तसाच चिखलानं भरलेला तो फोरमनच्या दारात गेला. "खालच्या वस्तीला उठवा," म्हणाला. फोरमननं सुनावलं, "घरी जाऊन झोप. लोकांना घाबरवत फिरलास तर उद्यापासून कामावर येऊ नकोस." अर्ल घरी आला. पहाटे बांध गेला. नऊ वर्षांची व्हर्ना बापाच्या पाठीवर होती म्हणून वाचली. आई आणि धाकटा ड्यूई खूप खाली, पुलाच्या खांबाला अडकलेले सापडले. पुढे अर्ल म्हातारा होऊन मेला, पण "मी दारं का नाही ठोठावली" हे काही त्याच्या तोंडचं गेलं नाही.

शाळेच्या स्वयंपाकघरात राबून उरलेल्या वेळात व्हर्नानं या फलकासाठी उंबरठे झिजवले, ते एका वाक्यासाठी. कंपनीला आधी सांगितलं होतं. बस, एवढंच.

"ते वाक्य कुठाय, रँडल?"

"जागा नव्हती गं. ओळी ठरलेल्या असतात."

"श्रद्धेला बरी जागा झाली!"

"हे बघ, ते घातलं असतं तर वरून मंजुरीच मिळाली नसती. कंपनी गेली, पण तिची माणसं आहेत अजून. काहीच नसण्यापेक्षा हे बरं नाही का?"

"चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर मलाच विचारतोस बरं नाही का!"

रँडलचाही आवाज चढला. "मी काही चोरून केलं नाही. ईस्टरच्या जेवणाआधी चर्चमध्ये वाचून दाखवलं. सगळे आमेन म्हणाले. तूसुद्धा!"

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणाली होती ती आमेन. चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात, भट्टीतून मक्याचा पाव काढताना. बाहेर काहीतरी पुटपुटणं चाललं, थांबलं, आणि हिनं आतून आमेन ठोकून दिलं. पिजन लिकमध्ये जेवणाआधी माना खाली गेल्या की माणसं ऐकत नाहीत, ताटाकडे बघतात. कुणी हवामानाचा अंदाज वाचला असता तरी आमेनच मिळालं असतं. रँडल त्याच चर्चमध्ये लहानाचा मोठा झालेला. त्याला हे पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं नेमकी ती वेळ साधली.

"लाज नाही वाटली तुला?" एवढंच ती म्हणाली, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

माणसं जमली. झाकलेल्या परातींमधून हॅम आलं, घेवड्याची उसळ आली. चर्चचे पाद्री ब्रदर एल्बर्टनी प्रार्थना केली, राज्य सरकारकडून आलेल्या पाहुण्यानं भाषण केलं. मग रँडलनं नाव पुकारलं. व्हर्ना उठली, फलकापाशी गेली आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

"मी ओढणार नाही. याच्यावर लिहिलंय की आपली माणसं पावसानं मेली. माझ्या बापानं फोरमनला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं, ते लिहिलेलं नाही. ज्याला पाऊस पटत असेल त्यानं यावं आणि ओढावी."

कुणी खुर्चीवरून उठलं नाही. रँडल घाईघाईनं हसला. "क्लेटस, तू ये बघू. तुझी बहीण होती ना यांत."

क्लेटस रामीनं टोपी गुडघ्यावर फिरवली. "खांदा धरलाय रे माझा."

कालच त्यानं ट्रकभर गवताच्या पेंढ्या उतरवल्या होत्या. सगळ्यांनी पाहिलं होतं.

"ओपल मावशी?"

"मला नाही बाबा तिथवर चालवत," ओपल व्हान्स म्हणाली. तिचा नवरा गेला होता त्या पहाटे. आणि म्हातारी तरातरा चालत येऊन व्हर्नाच्या शेजारी उभी राहिली.

पाहुणा घड्याळ बघू लागला. शेवटी रँडलनंच चादरीकडे हात नेला.

"रँडल," ओपल म्हणाली, "तुझं कोण गेलं होतं रे?"

त्याचं कुणीच गेलं नव्हतं. हात हळूच खाली आला.

जेवण मात्र झालं. अन्न टाकायची रीत नाही तिथं. व्हर्ना फलकापाशीच उभी राहिली. खुर्च्या मिटल्या, गाड्या गेल्या. "नंतर कुणीतरी ओढून काढेल चादर," असं चडफडत रँडलही गेला. ओपलला तिच्या नातवानं नेलं. "चल गं," ती म्हणाली, तर व्हर्नानं नुसती मान हलवली.

कोळशाचे ट्रक धुरळा उडवत जात होते. मग परमुलखातली एक गाडी वेग कमी करून कडेला थांबली. एका तरुण बाईनं काच खाली केली.

"काकू, कसला फलक आहे हो हा? झाकून का ठेवलाय?"

व्हर्नानं कडेच्या गवतातून दोन पावलं पुढे येऊन गाडीच्या दारावर हात ठेवला.

"इंजिन बंद करा," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचं नाव अर्ल स्टिल्टनर. आदल्या संध्याकाळी ते वर बांधावर गेले होते."