वस्तीच्या गाडीची उजवी बाजू

संदीपनं बोटभर पॉलिशपेपर पाण्यात बुडवला आणि गाडीच्या उजव्या अंगावरून पुन्हा एकदा अलगद फिरवला. प्रायमरचं राखाडी पाणी काउंटरवर ओघळलं. बाजू आता अंड्याच्या टरफलासारखी गुळगुळीत झाली होती. गेले आठ दिवस तो हेच करत होता, कारण त्या बाजूला आणखी काय करायचं असतं तेच त्याला ठाऊक नव्हतं.

रामनगरच्या बाजारात त्याचं मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान. काउंटरचं एक टोक मात्र गाड्यांसाठी राखून ठेवलेलं. पार्सलनं किट मागवायचं, चिमट्यानं एकेक भाग जोडायचा, एअरब्रशनं रंगवायचं, हा त्याचा पंधरा वर्षांचा नाद. बेळगावच्या प्रदर्शनात एकदा दुसरं बक्षीसही मिळालं होतं. पण बाजाराच्या लेखी तो खेळण्यातल्या गाड्या करणाराच. बायको स्नेहा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की आमच्याकडे आठ मोटारी आहेत, फक्त त्यात बसायला आधी मुंगी व्हावं लागतं.

यंदा त्यानं किट मागवलं नव्हतं. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या सुप्यात रोज संध्याकाळी मुक्कामाला एक बस यायची, ती वस्तीची गाडी. ती त्यानं कोऱ्या प्लास्टिकच्या शीटमधून स्वतः कापून उभी केली होती, खरीच्या चोवीस पट लहान. सुप्यातून उठून आलेल्या कुटुंबांचा मेळावा रविवारी देवळाच्या सभागृहात होता. मेळाव्याचे कर्ते कृष्णामास्तर. त्यांनी पत्रिकेत छापूनच टाकलं होतं, ‘वस्तीच्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती’. हा ‘हुबेहूब’ शब्द संदीपच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता.

गाडीचा फोटो एकाकडेही नव्हता. म्हणून तो बावीस म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन आला. रंगावरून थोडी वादावादी झाली, पण डाव्या बाजूबद्दल सगळ्यांचं एकमत. दाराला पायऱ्या तीन, मधली वाकडी. घंटीची दोरी सुंभाची. खिडक्या सहा. म्हातारे डोळे मिटून सांगत आणि सांगता सांगता दहा-बारा वर्षांचे होत. मग संदीप विचारी, आणि उजवी बाजू? ती मात्र एकालाही सांगता येईना.

त्याला कारण होतं. गावात गाडी वळवायला जागा नव्हती. ती तिठ्यापासून उलटी येई. क्लीनर मागं उभा राहून ‘बरली, बरली’, म्हणजे येऊ दे, येऊ दे, असं कानडीत ओरडे, पोरं गोळा होत आणि गाडी मागं मागं येत नदीच्या कठड्याला लागून थांबे. दार गावाकडे, उजवं अंग नदीकडे. सकाळी सहाला दारातून चढायचं, संध्याकाळी दारातून उतरायचं. अख्ख्या गावानं त्या गाडीची एकच बाजू पाहिली होती आणि हे आजवर कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

कृष्णामास्तरांनी यावर तोडगा काढला.

“उजवी बाजू भिंतीला लावून ठेव. कोण बघायला जातंय तिकडं?”

मास्तर सहज म्हणाले, पण संदीपला ते लागलं. लोकांनी खेळणं म्हटलेलं तो पंधरा वर्षं हसून सोडून देत आला होता. पण उद्या त्यानंच अर्धी गाडी भिंतीआड लपवली, तर मग ते खेळणंच. अंदाजानं सात खिडक्या पाडून मोकळं व्हावं असंही मनात येई. पण हात धजत नव्हता. शेवटी त्यानं ठरवलं, रविवारी गाडी न्यायचीच नाही. काय बोलणी खायची ती खाऊ.

गुरुवारी दुपारी अंगणवाडीत काम करणारी रक्षा मिक्सर घेऊन आली. बरोबर तिची आजी होती, पुतळीआजी. ती पलीकडच्या बाजूला स्टुलावर बसली, म्हणजे नेमकी त्या कोऱ्या अंगासमोर. संदीप मिक्सर खोलत असताना ती बराच वेळ गाडीकडे बघत राहिली.

“ह्या बाजूचं बूच कुटं हाय?” तिनं विचारलं.

“कसलं बूच, आजी?”

“टाकीचं. झाकान हरवलं हुतं. डायवरनं लाकडाचं बूच बशिवलं हुतं, फडकं गुंडाळून.”

संदीपच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि त्यानं तो उचललाही नाही. तुम्ही ह्या गाडीनं जात होता का, असं त्यानं विचारलं. आजी हसली. ती कशाला जातेय? कठड्याच्या खाली नदीच्या अंगाला तिचं खोपटं होतं. गाडी आली की नदीचं पाणी घागरीनं वर आणून ती गाडी धुवायची. ड्रायव्हर त्याबद्दल लोंढ्याहून सुकी मासळी आणून द्यायचा. कठडा आणि गाडी यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस मावे. त्या फटीत उभं राहून तिनं नऊ वर्षं ती बाजू धुतली होती. बावीस घरं हिंडलेल्या संदीपनं गाडीत बसणाऱ्या सगळ्यांना विचारलं होतं. गाडी धुणारं कुणी असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मिक्सर तसाच राहिला. आजी बोटानं दाखवत गेली आणि संदीप पेन्सिलीनं खुणा करत गेला. खिडक्या सात, पण तिसरीला काच नाही, तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला. ड्रायव्हरच्या दाराची कडी मोडकी, तारेनं बांधलेली. मागच्या चाकाच्या वर मोठा पोचा, कठड्याला घासून आलेला. आणि ड्रायव्हरच्या खिडकीखाली पानाच्या पिंकेचा ओघळ, जो तिनं नऊ वर्षं घासला आणि जो कधी गेला नाही.

तीन दिवस दुकान अर्धंच उघडं होतं. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चांदी कापून त्यानं पत्र्याची खिडकी केली. फडक्यासाठी स्नेहानं स्वतःच्या जुन्या साडीचा नखाएवढा तुकडा दिला आणि म्हणाली की आता ही नववी मोटार माझ्याही नावावर आहे. सगळं जमलं. राहिला पोचा. आठ दिवस घासून गुळगुळीत केलेली, वर आरशासारखा रंग चढवलेली बाजू स्वतःच्या हातानं चेपायची, तीही एका झटक्यात. प्लास्टिक जास्त तापलं तर भोक, कमी तापलं तर तडा. शनिवारी सकाळी त्यानं सोल्डरिंगचं टोक जवळ धरलं, मनात दहा आकडे मोजले आणि चमच्याची पाठ दाबली. बाजू नमली आणि तशीच राहिली. संदीपनं इतका मोठा श्वास सोडला की समोरच्या किराणा दुकानदारानं वळून पाहिलं.

दुपारी रक्षा आजीला घेऊन आली. आजीनं चष्मा पुसून उजवी बाजू तपासली.

“पिंक लय वरनं काढलीस. डायवर बुटका हुता.”

संदीपनं निमूटपणे ओघळ पुसला आणि दोन तांदळांइतका खाली घेतला.

रविवारी कृष्णामास्तरांनी टेबल भिंतीला लावून तयार ठेवलं होतं. संदीपनं गाडी ठेवली, डावी बाजू भिंतीकडे करून. मास्तर रागावून काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर उजव्या बाजूवर गेली. ते वाकले, चष्मा कपाळावर सारला, सरळ झाले. मग त्यांनी टेबलाचं एक टोक स्वतः धरलं आणि संदीपला दुसरं धरायला लावून टेबल सभागृहाच्या मधोमध आणलं.

त्यानंतर तासभर टेबलाभोवती वाट नव्हती. म्हातारे आधी दाराच्या बाजूला जात, वाकडी पायरी ओळखून एकमेकांना कोपर मारत, आणि मग वळसा घालून पलीकडे येऊन वाकून एकेक खूण बघत. ही बाजू बरोबर कशावरून, असं एकानं विचारलंच. मास्तरांनी पुतळीआजीला पुढं आणलं. आजीनं बुचापासून पिंकेपर्यंत सगळं सांगितलं आणि विचारणारा म्हणाला की व्हय, आमचा बा कायम म्हणायचा, ह्यो डायवर पान थुकतोय. सभागृह हसलं आणि मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. कुणी खेळणं म्हटलं नाही. संदीपला रडू येईलसं वाटलं आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण काहीतरी पुरं केलं.

गर्दी जेवणाकडे वळली तशी पुतळीआजी पुन्हा टेबलाशी आली.

“आता जरा फिरव की रे, बाबा.”

“काय चुकलं का, आजी?”

“न्हाई. पलीकडली बाजू मी कवा बगितलीच न्हाई. तिकडनं क्लीनर धुवायचा. तिकडं मानसं असायची, आमाला जायाचं नसायचं.”

संदीपनं हळूच विचारलं, गाव उठलं तेव्हाही नाही? आजीनं सांगितलं, तेव्हा ती सामानाच्या ट्रकातून आली होती. पुढं पुष्कळ गाड्यांत बसली, ह्या गाडीत नाही.

त्यानं गाडी फिरवली आणि नखानं दार उघडलं. आजी खाली वाकली. तिनं तर्जनी पहिल्या पायरीवर ठेवली, मग मधल्या वाकड्या पायरीवर, मग तिसरीवर.

“हितनं चढायचं व्हय,” ती म्हणाली.

मागून कुणीतरी फोटोसाठी जागा मागत होतं. संदीपनं हात आडवा धरला, आणि आजीचं बोट आत जाऊन खिडकीजवळच्या सीटवर टेकेपर्यंत तो खाली घेतला नाही.