शहाणीचा ताप

"ताई, एक सांगून ठेवते. काखेत लावलात की पोराचा हात धरून पुरती तीन मिनिटं बसायचं. आणि पारा आपल्याच डोळ्यांनी वाचायचा. हे काम दुसऱ्या कुणावर टाकायचं नाही."

औषधाच्या दुकानातल्या चष्मेवाल्या बाई मला डबीत घालता घालता हे बोलल्या. समोर एक तरुण आई उभी होती. कडेवर एक मूल, पोटात दुसरं. ती हसली. "तीन मिनिटं? अहो, मला आंघोळीला तरी तेवढी मिळतात का!" बाईही हसल्या. डबी पिशवीत गेली आणि बाईंचा सल्ला दुकानाच्या फळीवरच राहिला.

मित्रांनो, त्या डबीतला काचेचा, पाऱ्याचा, जुन्या धाटणीचा थर्मामीटर म्हणजे मी. आता मी म्हातारा झालो आहे. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते. न सांगता गप्प राहिलो तर आणखी वाटेल, म्हणून सांगतो.

माझा जन्म भट्टीजवळ झाला. तापून लोण्यासारखी मऊ झालेली काच ओढून माझी बारीक नळी केली. तिच्यात पारा भरला, तोंड बंद केलं, अंगावर रेघा आणि आकडे कोरले. मग आम्हा सगळ्यांना कोमट पाण्यात उभं करून परीक्षा घेतली. जे खोटं दाखवत होते, ते तिथल्या तिथे फुटले. मी पास झालो. तेव्हापासून मला एक गर्व होता, की मी जे दाखवतो ते खरंच असतं. हा गर्व किती पोकळ होता, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

मी ज्या घरी आलो, ते दोन खोल्यांचं घर होतं. बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, आठवड्यातले चार दिवस बाहेर. आई घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची. छापायच्या आधी पानांतल्या चुका शोधायचं ते काम. तिची नजर अशी, की अख्ख्या पानात एक काना कमी असला तरी तिला दिसायचा. पुढे घरात तीन मुलं झाली आणि ती मुद्रितं ओट्यावर, पलंगावर, कधी कधी पाळण्याच्या दांडीवर पसरू लागली.

तिन्ही मुलं एका आईची, पण एकासारखं दुसरं नाही. थोरल्याला सगळे वकीलसाहेब म्हणायचे. आठ वर्षांचा होता, पण तोंडाचा पट्टा अखंड. "नव्व्याण्णव म्हणजे ताप आहे की नाही, ते आधी सांग. अर्धा ताप असेल तर शाळेला अर्धी सुट्टी पाहिजे." एकदा त्यानं मला चहाच्या कपात बुडवलं. माझा पारा एकशे सातला जाऊन टेकला. आई धावत आली, त्याला उराशी धरलं, आणि मग माझा वास घेतला. "साखर किती घातलीस रे तापात?" त्या दिवशी वकीलसाहेब दप्तरासकट दाराबाहेर झाले.

धाकटा अडीच वर्षांचा, त्याचं नाव भोंगा. नख कापलं तरी तीन इमारतींना कळायचं. मला पाहिलं की तो असा ताठ व्हायचा, की आई त्याच्या छातीवर जवळजवळ गुडघा टेकून ताप मोजायची.

आणि मधली. सहा वर्षांची. हट्ट नाही, रडणं नाही, वाढलेलं पान स्वच्छ. आई तिला शहाणी म्हणायची. "शहाणी गं माझी ती," हे वाक्य त्या घरात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. शहाणीनं भोंग्याला बूट घालायचे, वकीलसाहेबांची वही शोधायची, आईचा चष्मा आणून द्यायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, "हे पोर तुला आंदण मिळालंय बघ." आईचा चेहरा फुलायचा. शहाणीचाही फुलायचा, पण आधी ती आईच्या चेहऱ्याकडे बघून घ्यायची.

आई काळजीखोर होती. तिच्याकडे एक तापवही होती. वहीत तीन रकाने, तीन मुलांचे. कुणाला कधी, किती, कशानं उतरला, सगळं सुवाच्य अक्षरात. पहिला रकाना भरलेला, तिसरा तर समासाबाहेर गेलेला. मधला जवळजवळ रिकामा. तो रिकामा रकाना आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. "हिचं मला काही करावंच लागत नाही."

मला आणायचं आणि ठेवायचं काम आपोआप शहाणीकडे आलं. आईनंच तिला मला धरायला शिकवलं. काच तिरकी केली की चंदेरी रेघ कशी चमकते, ती कुठल्या आकड्याशी थांबते, मग मनगटाच्या झटक्यानं पारा खाली कसा उतरवायचा. शहाणी मला झटकायची ती पलंगावर उभी राहून, म्हणजे हातातून सुटलो तरी गादीवर पडेन. एवढी तिची अक्कल. मला तिचं फार कौतुक वाटायचं. आपण एका लहान मुलीच्या हाती काय देतोय, हे आईला दिसलं नाही. आणि मित्रांनो, मलाही दिसलं नाही. मी तर तिच्या मुठीत मिरवत होतो.

मग तो आठवडा आला. सोमवारी भोंग्याला ताप चढला, मंगळवारी वकीलसाहेबांना. बाबा रस्त्यावर. मुद्रितं द्यायची मुदत शुक्रवारची. शहाणी दोन अंथरुणांच्या मधून ओली फडकी घेऊन फिरत होती. तिला स्वतःला सर्दी होती, पण सर्दीला त्या घरात कुणी आजार म्हणत नसे.

बुधवारी दुपारी आईला तिच्या बहिणीचा फोन आला. बोलता बोलता आई रडायलाच लागली. "दोघं आडवे झालेत गं. नशीब, मधली उभी आहे. ती पडली ना, तर मी संपले बघ. खरंच संपले."

शहाणी दारात उभी होती. एका हातात फडकं, दुसऱ्यात मी. तिची मूठ माझ्याभोवती घट्ट झाली, ते मला अजून आठवतं.

गुरुवारी सकाळी ती दाराच्या मागे गेली आणि तिनं मला आपल्या काखेत धरलं. काख तव्यासारखी तापलेली होती. मी धावत वर गेलो. एकशे दोन, एकशे तीन. तिनं मला बाहेर काढलं, तिरकं केलं, नीट वाचलं. ती पलंगावर चढली आणि तिनं मला झटकलं. एकदा, दोनदा, पारा खाली येईपर्यंत.

"आई, मी माझा पण बघितला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

आई भोंग्याच्या तोंडात औषधाचा चमचा घालत होती. तिनं मान वर न करता वही ओढली. "शहाणी गं माझी ती," म्हणाली आणि मधल्या रकान्यात आकडा लिहिला.

असं चार दिवस झालं. चारही वेळा मी खरं दाखवलं आणि चारही वेळा माझं खरं त्या गादीवर झटकलं गेलं. मला आवाज असता तर! भोंग्याचा निम्मा आवाज असता तरी पुरला असता. आई रोज त्या पोरीच्या पुढ्यातून वीस वेळा जात होती. शहाणी एकाच कुशीवर निजत होती, घास एकाच बाजूनं चावत होती. "आज वेणी मीच घालते," असं तिनं आईला सांगितलं, आणि केस दोन्ही कानांवरून ओढून कशीतरी वेणी घातली. आईनं तिचा मुका घेतला, तोही घाईत, केसांवर. ओठ जरा खाली टेकले असते तर भाजले असते.

सोमवारी वकीलसाहेब बरे होऊन पाटावर बसले होते. समोर शहाणी, कपातलं दूध तसंच.

"आई, हिचा एक कान पुढे आलाय."

"चिडवू नकोस रे तिला."

"चिडवत नाहीये! पुरावा बघ ना. हा कान भिंतीला चिकटलेल्या खिडकीसारखा आणि हा उघड्या खिडकीसारखा."

"तुझी वकिली बंद कर आणि दूध पी."

वकीलसाहेबांनी हात पुढे केला आणि तिचे केस बाजूला केले. कधी हूं की चूं न करणारी शहाणी अशी किंचाळली, की भोंगासुद्धा गप्प झाला. उजव्या कानामागे लालभडक सूज होती, टम्म फुगलेली.

आईनं तिला उचललं. वकीलसाहेबांना आणि भोंग्याला शेजारच्या काकूंकडे सोडलं. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, पण तापवही आणि मला पिशवीत टाकायला ती विसरली नाही.

मुलांचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी विचारलं, "ताप किती दिवस आहे?"

"ताप नाहीये डॉक्टर. मी रोज लिहिते." आईनं वही उघडून पुढे केली.

डॉक्टरांनी वहीकडे बघितलंच नाही. त्यांनी पोरीच्या कपाळावर पालथा हात ठेवला. मग त्यांचा थर्मामीटर लावून आकडा आईसमोर धरला. एकशे तीन पॉइंट सहा.

"वही राहू द्या, ताई. हे मोजलं कुणी?"

आईनं वही मिटली. तेव्हा शहाणी म्हणाली, "मी." आणि डॉक्टरांच्या कपाळावरच्या आठ्या बघून घाईघाईनं म्हणाली, "आईला ओरडू नका. मीच झटकून दिला. ती रडली असती म्हणून."

मी पिशवीत होतो. आईनं पिशवी छातीशी धरली. मित्रांनो, त्या वेळी भट्टीजवळच्या त्या परीक्षेत फुटलो असतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

कानातला पू कानामागच्या हाडापर्यंत गेला होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. "अजून एक-दोन दिवस गेले असते तर..." असं डॉक्टर म्हणाले. बाबा ट्रक दुसऱ्याच्या हवाली करून आले आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले. शहाणी वाचली. पण उजव्या कानानं तिला आता कमी ऐकू येतं. त्यातलं थोडं परत येईल म्हणतात, किती ते कुणी सांगत नाही.

घरी आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. शेजारच्या काकू आल्या. आई म्हणाली, "एकाएकीच झालं हो." शाळेच्या बाई आल्या. "एकाएकीच झालं." खोटं बोलताना आई पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे करायची. मी टेबलावर पेल्यात उभा होतो, सगळं ऐकत होतो. तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटणारा माणूस आधी दार लावून घेतो.

मग मावशी आली. फोनवरची तीच बहीण. ती आत येताच पलंगावर बसली. "अगं पण इतका पू झाला म्हणजे ताप आलाच असेल ना?"

"नाही गं, एका..." आई अडखळली.

"हो मावशी," पट्टी बांधलेली शहाणी पलंगावरून म्हणाली, "एकाएकीच झालं." आणि तिनं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, बरोबर बोलले ना, हे बघायला.

आईच्या हातून तांब्या खाली पडला. ती पलंगाशी आली आणि पोरीच्या डाव्या कानाच्या बाजूला खाली जमिनीवर बसली.

"एकाएकी नाही झालं," ती मावशीला म्हणाली. "चार दिवस होता ताप. मी बघितला नाही. तू फोन केलास तेव्हा मी जे बोलले, ते हिनं ऐकलं, आणि ही उभी राहिली. माझ्यासाठी." मग ती शहाणीकडे वळली. "तू माझी बाजू घ्यायची नाहीस. ऐकू येतंय का? तू सहा वर्षांची आहेस."

शहाणीचा ओठ थरथरला. "मग मी शहाणी नाही?"

"नसलीस तरी चालेल."

तेव्हा शहाणी रडली. इतकं मोठ्यानं, इतका वेळ, की वकीलसाहेब दाराशी येऊन म्हणाले, "हरकत आहे, हे काम भोंग्याचं आहे." कुणी हसलं नाही. मग मावशी हसली, आणि मग शहाणीही, रडता रडता. त्या संध्याकाळी तिनं दूध प्यायला साफ नकार दिला. आईनं कप उचलून नेला आणि ओट्याशी तोंड फिरवून डोळे पुसले.

तापवहीतले ते चार आकडे आईनं मुद्रितातल्या चुकीसारखे लाल शाईनं खोडले आणि समासात लिहिलं, 'पाहिला नाही.'

आता त्या घरात पीं-पीं वाजणारा नवा थर्मामीटर आहे. मी कपाटाच्या खणात, कापसात गुंडाळलेला. मला कुणी फेकत नाही, कारण पारा कचऱ्यात टाकू नये हे आईला माहीत आहे. मी दुर्लक्षित आहे म्हणून तुमच्याकडे रडगाणं गात नाही. मला नीट पुसा, जपून ठेवा, असंही माझं मागणं नाही.

माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात एक जण असेल, ज्याचं कुणाला काहीच करावं लागत नाही. बहीण असेल, भाऊ असेल, कदाचित तुमची आईच असेल. "मला काय धाड भरलीये!" असं हसून सांगणारं माणूस. त्याला विचारू नका, तो बरा आहे असंच सांगेल. त्याचे केस बाजूला करा, गळ्याला हात लावून बघा, ताटात काय उरलंय ते बघा. ही गोष्ट इथे संपली आहे. आता उठा आणि त्याला बघून या.