पडद्यावरचा गिजी

नेव्हिल प्राउसने पगचं तोंड डाव्या हातात धरलं आणि ओल्या फडक्याने त्याच्या नाकावरच्या घड्या एकेक करून पुसायला घेतल्या. चार महिन्यांचं पिल्लू स्वयंपाकघराच्या टेबलावर उभ्या उभ्या घोरत होतं. जागेपणी घोरणारं जनावर नेव्हिलने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. मेंढ्यांच्या मुलखात अडुसष्ट वर्षं काढलेल्या माणसाला हेही कुत्रंच आहे हे पटायला दोन दिवस लागले होते.

“घडीच्या आतून पुसा, आजोबा. ओलं राहिलं तर वास येतो,” फ्रेया म्हणाली.

नऊ वर्षांची ही नात जुलैत, तिकडच्या हिवाळ्याच्या सुट्टीत, आईबरोबर कुरिंबाला आली होती, ती हे बिननावाचं पिल्लू काखोटीला मारूनच. नाव पिक्चरमधलंच हवं, एवढं तिचं पक्कं होतं. तिच्या वर्गातल्या दोघींकडे पग होते आणि त्या दोन्ही पगांना पिक्चरमधली नावं होती. मग हिचंच कुत्रं कसं मागे राहणार? तिच्या वहीत बावीस नावं लिहिली होती आणि त्यातली एकवीस खोडली होती.

“राहिलेलं कोणतं ते विचार ना, बाबा,” ओट्याशी टोस्टला लोणी लावत जोलीन म्हणाली. जोलीन ही नेव्हिलची मुलगी.

“कोणतं?”

“गिजी,” फ्रेया म्हणाली. “आपल्या पिक्चरमधला. म्हणजे तुम्हीच!”

फडकं जिथे होतं तिथेच थांबलं.

“अगं, गिजी घोड्यावर बसून चारशे मेंढ्या नदीपार नेतो. हा तीन पायऱ्या चढला की धापा टाकतो.”

“म्हणून तर! नाव शूर असलं की तोही शूर होईल. तुमच्यासारखा.”

“आणि आता उगीच लाजू नकोस,” जोलीन हसली. “तिने बिल्ला कोरायला टाकलासुद्धा. शनिवारी हॉलमध्ये तू उभा राहिलास की ही पिल्लू वर धरणार. अख्ख्या गावासमोर बारसं!”

नेव्हिल “बरं” म्हणाला आणि पुसून झालेलीच घडी पुन्हा पुसू लागला.

छत्तीस वर्षांपूर्वी पिक्चरवाले कुरिंबाला आले आणि दोन महिने नदीकाठी तळ ठोकून राहिले. त्या पिक्चरला नाव होतं, पण गावात ते कुणी घेत नसे. तो नुसता ‘आपला पिक्चर’. कारण पारावर, दुकानात, लोकर कातरायच्या शेडमध्ये, जिथे म्हणून गर्दी लागली तिथे गावचीच माणसं उभी केली होती. तेव्हापासून जुलैतल्या एका शनिवारी दुपारी हॉलचे पडदे ओढून तो दाखवतात. पडद्यावर आपलं माणूस दिसलं की ज्याला दिसेल त्याने नाव घेऊन ओरडायचं, हा रिवाज. “ती बघा आमची एड्ना मावशी!” माणूस हयात असेल तर त्याने उठून उभं राहायचं, नसेल तर सगळ्यांनी लाकडी जमिनीवर पाय आपटायचे. गेली काही वर्षं पाय आपटण्यातच निम्मा पिक्चर जात होता.

गिजी येतो अगदी शेवटी. गिजी नावाच्या रानझाडाच्या लाकडासारखा चिवट, म्हणून पिक्चरमध्ये त्याचं ते नाव. धुळीचा लोट, डोळ्यांवर ओढलेली हॅट, खांद्यावर उडणारा लांब कोट. पलीकडच्या काठावरून नायक जिवाच्या आकांताने हाक मारतो, “गिजी!” आणि हा घोडा सरळ पाण्यात घालतो. बारा सेकंद. तेवढ्यात अख्खा हॉल “नेव्ह!” म्हणून दणाणतो आणि नेव्हिल उठून हॅट वर करतो. शेवटी नावांच्या यादीतही येतं: गिजी – नेव्हिल प्राउस.

पडद्यावर नेव्हिल नव्हताच.

तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता आणि कातरण शेडमध्ये लोकरीचे गठ्ठे दाबायचं काम करत होता. घोड्यावर बसता येणारा माणूस हवा, असं पिक्चरवाल्यांनी पबमध्ये विचारलं तेव्हा चार बिअरच्या जोरावर त्यानेच हात वर केला होता. कागदावर नाव चढलं, त्याच्या मापाचा कोट निघाला, हॅट त्याची स्वतःचीच चालली. सकाळी पिक्चरवाल्यांचा तापट घोडा समोर आला. नेव्हिल कुंपणामागे जाऊन ओकला. घोड्यांची देखभाल करायला केल हाऊलेट होता. तो मागोमाग आला आणि त्याने हात पुढे केला. नेव्हिलने कोट आणि हॅट काढून दिली. उंची सारखी, बांधा सारखा. धुळीत कुणाला कळणार? एकाच फटक्यात काम झालं. परत येऊन केलने हॅट त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, “सांगायची गरज नाही कुणाला.”

सांगेन, सांगेन असं नेव्हिल म्हणत होता, अगदी मनापासून. पण पहिल्याच खेळाला गाव ओरडलं आणि काही कळायच्या आत तो उभा राहिला होता. एकदा उभा राहिलेला माणूस दुसऱ्या वर्षी बसून कसा राहणार? ती हॅट वर करताना त्याला दर वर्षी मेल्याहून मेल्यासारखं होई. कारण केल तिसऱ्या रांगेत, मांडीवर थर्मास धरून बसलेला असे आणि इतरांबरोबर तोही ओरडत असे, “नेव्ह!”

दुपारी नेव्हिल पिशवीभर लिंबं घेऊन केलकडे गेला. रिकाम्या हाताने जायची हिंमत नव्हती. केल शेडमध्ये मोटारसायकलचं चाक काढून बसला होता. आताशा मेंढ्या हाकायला सगळीकडे मोटारसायकलीच; कुरिंबात घोडा औषधाला उरला नव्हता.

“लिंबं? माझ्याकडे झाड आहे की,” केल म्हणाला.

“माहितीये.”

“मग काय झालंय?”

“नातीने कुत्रं आणलंय. चपट्या नाकाचं. त्याचं नाव गिजी ठेवायचं म्हणते.”

केलने फडक्याला हात पुसले. एकेक बोट, सावकाश.

“पोरीला आवडलंय ना? मग ठेवू दे. नाव चांगलंय.”

“माझ्यावरून ठेवतेय, केल.”

“हं. चहा घेणार?”

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नेव्हिल शिवी खायच्या तयारीनेच आला होता. केल चहाचं आधण ठेवायला घरात गेला आणि नेव्हिल नजर कुठे ठेवावी हे न कळून भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर खिळे होते; खिळ्यांवर लगाम, साखळ्या, कातडी पट्टे. एका सुकून गेलेल्या पट्ट्यावर पितळेचा बिल्ला होता. त्याने चष्मा लावला. बिल्ल्यावर कोरलं होतं: गिजी.

केल दोन कप घेऊन आला तेव्हा नेव्हिल तसाच उभा होता.

“हा कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे? म्हाताऱ्याचा. माझ्या तांबड्या कुत्र्याचा.”

नेव्हिलला ते कुत्रं चांगलं आठवत होतं. केलच्या गाडीत मागे उभं असायचं, चौदा वर्षं. त्याने त्याला हाडं घातली होती, कान खाजवले होते.

“त्याला तर तू पोरा म्हणायचास. ‘चल पोरा, बस पोरा.’”

“गावात,” केल म्हणाला आणि कप पुढे केला.

नेव्हिलने कप घेतला. चहा गरम होता आणि तो त्याने घटाघटा प्यायला, कारण तोंड रिकामं ठेवायची सोय नव्हती. चौदा वर्षं हा माणूस आपल्या कुत्र्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची तर आधी आजूबाजूला बघत होता. ते का, हे विचारायची गरजच नव्हती. नेव्हिलला त्या क्षणी स्वतःची किळस आली.

शनिवारी हॉल भरला. बाहेर पावात सॉसेज देणाऱ्यांची गडबड होती. आत लोकांनी गुडघ्यांवर घोंगड्या घेतल्या होत्या. फ्रेया नेव्हिलच्या शेजारी बसली. पगला आंघोळ घातली होती. नवा बिल्ला तिच्या मुठीत होता. नाव जाहीर झाल्याशिवाय गळ्यात घालायचा नाही, हाही तिचाच नियम.

पडदे ओढले गेले. पाराजवळची गर्दी आली, लोक ओरडले, पाय आपटले. शेडचा प्रसंग आला, पुन्हा पाय. पिल्लू त्या आवाजाने थरथरत होतं. फ्रेया त्याच्या कानात सांगत होती, “थांब हं, आता आपलंच येणार.”

नदी आली. धूळ आली.

“गिजी!” पडद्यावरचा नायक ओरडला.

“नेव्ह!” हॉल दणाणला.

फ्रेयाने पिल्लू दोन्ही हातांनी वर धरलं. नेव्हिलचे गुडघे सवयीने सरळ व्हायला निघाले होते. त्याने समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि स्वतःला खाली बसवलं. पडद्यावरचा माणूस घोडा पाण्यात घालत होता. डावा खांदा किंचित खाली, अजूनही केल चालतो तसा. छत्तीस वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर!

“केल हाऊलेट!” नेव्हिल ओरडला.

आवाज चिरका निघाला. त्याला वाटलं, कुणाला ऐकूच गेलं नाही. म्हणून तो पुन्हा ओरडला, “तो केल आहे! केल हाऊलेट!”

कुणी पाय आपटले नाहीत. कुणी तरी हसलं आणि मग हसायचं थांबलं. तिसऱ्या रांगेतलं केलचं डोकं वळलं नाही. मेंढ्या पाण्यातून पलीकडे गेल्या.

फ्रेयाने पिल्लू खाली घेतलं.

“आजोबा, मग तुम्ही कुठे होता?”

“कुंपणामागे. ओकत होतो.”

“का?”

“घोड्याची भीती वाटली.”

“आणि नंतर? इतकी वर्षं?”

नेव्हिल हॅटची कड चाचपू लागला. तिच्याकडे बघायचा धीर नव्हता. शेजारच्या खुर्चीवरून जोलीन बापाकडे वळून बघत होती. शेवटी नावं वर सरकू लागली. ‘गिजी – नेव्हिल प्राउस’ आलं तेव्हा मागे कुणी तरी जुन्या सवयीने दोन टाळ्या वाजवल्या आणि तिसरी हवेतच राहिली.

दिवे लागले. एरवी या वेळी त्याच्या पाठीवर थापा पडायच्या. आज लोक चहाच्या टेबलाकडे त्याला वळसा घालून गेले. फ्रेया उठली, पिल्लाला काखेत घेऊन तिसऱ्या रांगेपाशी गेली. केल अजून तिथेच बसून थर्मासचं झाकण फिरवत होता.

“हे तुमचं नाव आहे,” तिने बिल्ला पुढे केला. “तुम्हाला न विचारताच घेतलं आम्ही. कुत्र्याला ठेवलं तर चालेल?”

केलने बिल्ला हात लांब करून वाचला. बराच वेळ वाचला.

“माझ्या कुत्र्याचंही हेच होतं,” तो म्हणाला. “हाक मारून बघायला हवी. सगळ्यांनाच शोभतं असं नाही.”

त्याने तिच्या काखेतलं पिल्लू घेतलं आणि नेव्हिलपर्यंत येऊन ते त्याच्या पायांपाशी खाली ठेवलं, नेव्हिलकडे न बघता. मग तो गुडघे कडकडवत हॉलच्या पार रंगमंचाकडच्या टोकाला गेला आणि वळला.

“गिजी!”

माळाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कुत्र्याला मारावी तशी ती हाक होती. चहाच्या टेबलाशी सगळे कप थांबले. आपलं नाव काय हे पिल्लाला अजून ठाऊक नव्हतं. ते जागच्या जागी घोरत उभं राहिलं.

“गिजी!” केलने पुन्हा हाक मारली.

नेव्हिलने हॅट खुर्चीवर ठेवली, वाकला, आणि पिल्लाच्या पाठीला हात लावून त्याला हलकेच केलच्या दिशेने ढकललं.