चार स्क्रूंचे झाकण

छिन्नीचा तिसरा घाव बसला तेव्हा डब्याचा कोपरा उडाला आणि आतली घट्ट काळी राळ उघडी पडली. डबा तिनेच घडवलेला. नोकरी सोडल्यानंतरचे पहिले काम. बेकरीत पावाचे पीठ फुगवण्याच्या खोलीची ऊब तो सांभाळत असे. सकाळी आतला फ्यूज उडाला होता आणि दोन मिनिटांच्या कामासाठी आता सगळाच डबा फुटत होता.

"मॅडम, डबा बनवलाय की तिजोरी?" बेकरीचे इलेक्ट्रिशियन काका स्टुलावरून पाहत होते.

मालक हसले नाहीत. मागे ट्रेमध्ये पीठ मलूल पडले होते.

"उद्या दुसरा लावा. नाहीतर कंपनीवाल्यांना बोलावतो. बाकीच्या दोन बेकऱ्यांचं कामही मग त्यांनाच."

कोणी आतली जोडणी पाहून नक्कल करू नये म्हणून राळ ओतण्याचा सल्ला थोरल्या भावाचा. घरी येऊन तिने राळेची बाटली माळ्यावर ठेवली. लहानपणापासून मिळेल ती वस्तू उघडून पाहतच ती हे सारे शिकली होती. नव्या डब्याच्या झाकणाला तिने चार स्क्रू लावले, जोडणीची आकृती स्वच्छ हाताने काढली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली.

"अगं, आकृतीसकट देतेस? उद्या कोणीही नक्कल करेल. नोकरी काय दानधर्म करायला सोडलीस?"

"दादा, बिघडतो तेव्हा तो माझ्या टेबलावर नसतो. त्यांच्या भिंतीवर असतो."

दुसऱ्या दिवशी डबा लागला. खोली ऊब धरू लागली. मालक डोकावून गेले.

"आठवडाभर चालू दे. मग बाकीच्या दोन बेकऱ्यांचं बघू."

वायर भिंतीवर ठोकून ती शिडीवरून उतरली, तेव्हा काका उघड्या झाकणासमोर उभे होते. हातात खिशातली वही. आकृती रेघ न् रेघ उतरत होती.

तिने त्यांच्या खांद्यावरून पाहिले. एका सुट्या भागाची टोके त्यांनी उलटी काढली होती. तसा डबा चालू झाला असता; हीटर मात्र कधीच बंद झाला नसता.

ती शिडी मिटू लागली. मग अर्धी मिटलेली शिडी भिंतीला टेकवून परत आली.

"काका, पेन्सिल द्या."

वहीतली चूक खोडून तिने ती रेघ नीट काढली.

"असं ठेवा. नाहीतर खोली पेटेल."

काकांचे कान लाल झाले. वही मिटावी की नाही, हे त्यांना उमगेना. मग त्यांनी पान उलटले.

"माझा मेहुणा अळिंबी, म्हणजे मशरूम, लावतो. त्याच्या खोलीत हे जसंच्या तसं चालेल?"

"नाही. आधी खोली बघावी लागेल."

काकांनी कोरे पान तिच्यापुढे धरले.

"मग नंबर लिहा."