चार आत, सहा बाहेर

डॉक्टरबाईंनी रफूगराच्या खालच्या पापणीतून कागदाची पट्टी अलगद काढली आणि मोजपट्टीला लावली.

"चौदा मिलिमीटर भिजलीय, काका. तीन महिन्यांपूर्वी चार होती. डोळ्यांत पाणी परत आलंय."

"यंत्र बिघडलं असेल."

"कागद आहे तो, त्यात बिघडायचं काय?" त्या हसल्या. "थेंब चालू ठेवा. श्वासाचं आता अंगवळणी पडलंय. मोजायला कुणी लागणार नाही तुम्हाला."

त्याने रिपोर्टची घडी घातली. मग आणखी एक. मग आणखी एक.

आत. एक, दोन, तीन, चार.

चाळीस वर्षं तो पापणी न लववता लोकांच्या कोटांची भोकं बुजवत आला होता. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि त्यानेच भोक विणून टाकायचं. बायको गेल्यावर कामाचं टेबल त्याने खिडकीजवळून उचलून फोनजवळ आणलं. उजेड तिथे कमी होता.

दूर राहणाऱ्या मुलाचा महिन्यातून एकदा फोन यायचा.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"हो."

मग दोघेही फोन ठेवायचे.

बाहेर. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, घड्याळाकडे बघायचं नाही, चार आकडे श्वास आत, सहा बाहेर, आणि ते मोजायला कुणीतरी हवं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या दिवशी मुद्दाम गावी येऊन सोबत आलेला मुलगा फॉर्म भरत होता. मान वर न करता बोलून गेला, "मी मोजेन."

तेव्हापासून रोज सकाळी सातला फोन.

"ज्याचं शेंबडं नाक मी पुसलं, तो मला श्वास घ्यायला शिकवणार!"

"नाक चोंदलंय का? नाही ना? मग घ्या."

पुढे नुसते आकडे. आकड्यांच्या मागे कधी नळ, कधी बशीवर टेकलेला कप, कधी दाराची कुरकुर. एकदा मुलगा पाचवर शिंकला आणि पुन्हा एकपासून सुरू झाला. रफूगराने तेवढा वेळ श्वास धरून ठेवला होता.

दहा मिनिटं झाली की तेवीस तास पन्नास मिनिटं घर गप्प.

आत. एक, दोन,

डॉक्टरबाईंकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सातला, फोन वाजला.

"काल जाऊन आलात ना? किती आलं?"

रफूगराने सुईत ओवलेला धागा पुन्हा बाहेर ओढला.

"चार."

"चारच?"

"हट्टी आहेत डोळे. कुणाचे आहेत शेवटी!"

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"बरं," मुलगा म्हणाला. "मग चालूच ठेवावं लागेल. मिटा डोळे."

बाहेर. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आज मुलगा जरा सावकाश मोजत होता.

फोन ठेवल्यावर रफूगराने रिपोर्ट चिंध्यांच्या डब्यात टाकायला घेतला. टाकण्याआधी उलगडला. आकड्याच्या खाली, बारीक अक्षरात, आणखी एक ओळ होती. प्रत मोबाइलवर पाठवली: कालची तारीख, दुपारी चारची वेळ. पुढे मुलाचा नंबर.

त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग कागद टेबलावर सपाट केला आणि तिच्यावरून अंगठा फिरवला, रफू पुरा झाल्यावर सांधा हाताला लागतो का बघण्यासाठी फिरवायचा, तसा.

सात वाजून चौदा मिनिटं झाली होती.