मोएलांगीच्या चटईवरची चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे आणि मला त्या फिलोईची किळस आली आहे. चपला घालून चढली ती माझ्यावर! सामोआतल्या आमच्या गावात कुत्रंसुद्धा चटईच्या कडेला थबकतं.

केवड्याची पानं उकळून, उन्हात वाळवून मोएलांगीने मला विणलं, तेव्हा तिचे केस काळेभोर होते. आता ती ऐंशीची आहे. माझ्यावर बाळं रांगली, सोयरिकी जुळल्या, बायकांच्या समितीच्या बैठका झाल्या. मोएलांगी समितीची प्रमुख. माझ्या बहिणी, म्हणजे बाकीच्या चटया, विकून समिती गावातल्या एका मुलीला शहरात शिकवते. म्हाताऱ्या माणसांना आधार कसा द्यावा, याचं तिथे शिक्षण मिळतं म्हणे. त्यासाठीच फिलोईला शिष्यवृत्ती दिली. निवड माझ्यावर बसूनच झाली. तेव्हा मला झाडूनपुसून मधोमध अंथरलं होतं. आता माझ्या कडा उसवल्यात, कोणी ढुंकून बघत नाही. मला अक्षर कळत नाही, पण पाय कळतात.

तर फिलोई आली ती म्हाताऱ्यांना काय जमतं ते तपासायचा कॉलेजचा छापील कागद घेऊन. आजी बसलेली आणि ही तिच्या डोक्यावर उभी! आमच्याकडे वडीलधाऱ्यांपुढे आधी बसतात, मग तोंड उघडतात.

"आजीऽ, चहा स्वतः करता काऽ?" बहिऱ्याशी बोलावं तशी ती ओरडली.

"मी?" मोएलांगी हसली. "वीस वर्षांत कप उचलला नाही मी. सात नातवंडं काय माशा मारायला ठेवलीत?"

हा मान असतो, मित्रांनो. फिलोईने मात्र फुली मारली. जेवण वाढून घेता? फुली. शेवटी तिने मोठ्याने वाचलं, "परावलंबी. निर्णय घरच्यांनी घ्यावेत."

शी! माझं पान न् पान आक्रसलं.

मग तिने दुसरा कागद पुढे केला. "शेवटच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीवर समितीप्रमुखाची सही हवी, आजी. आज नाही मिळाली तर माझं शिक्षण थांबेल."

मित्रांनो, जुन्या गोष्टी पायाखाली घेण्याआधी जरा खाली बघत जा. फिलोईने काही बघितलं नाही. मोएलांगीने पेन घेतलं आणि मांडीवर ठेवून दिलं.

"परावलंबी बाईची सही तुझ्या कॉलेजला चालते का गं? चपला बाहेर काढ. खाली बस. तो पहिला कागद फाड आणि पुन्हा विचार. मी काय उचलत नाही ते नको, मी काय ठरवते ते विचार. ते लिहून झालं की सही देईन. तुला शिकवायचं, हेही मीच ठरवलं होतं, पोरी."