तळ्यावर थांबलेले बगळे

गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून मावशी घराबाहेर फारशी पडत नसे. दुपारी पडदे ओढून ती कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये छोटंसं विमान उडवत बसे. विमान तळ्यावर आलं की खेळ हमखास अडखळायचा. भाचीचा धंदाच कॉम्प्युटर दुरुस्तीचा, त्यामुळे ते अडखळणं तिच्या डोळ्यांत खुपायचं. एका रविवारी तिने न विचारताच जुनी मेमरी काढली आणि जास्त वेगाची बसवली.

"आता बघ कसं सुसाट जातं!"

मावशीने विमान उडवलं. खेळ किती वेगाने चालतोय ते दाखवणारा स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा जेमतेम वाढला, तशी भाची हिरमुसली. पण तळ्यावर खेळ जराही अडखळला नाही. भाचीने टाळी वाजवली. मावशी मात्र स्क्रीनवर काहीतरी शोधत राहिली.

"काय गं, आवडलं नाही?"

"बगळे कुठे गेले?"

"राहिले की मागे."

"तेच म्हणते मी! इथे सगळं क्षणभर थांबायचं. पंख पसरलेले बगळे हवेत, खाली पाण्यात तेच बगळे उलटे, आणि मधोमध मी. तुला कुणी सांगितला होता हा नसता शहाणपणा?"

भाची हसली नाही. तिने सेटिंगमध्ये जाऊन मेमरीचा वेग उतरवला, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि मावशीला खेटून बसली. विमान डुलत डुलत तळ्यावर आलं आणि सारं थबकलं. कोपऱ्यातला आकडा धाडकन कोसळला. भाचीला तो दिसलाच नाही. ती बगळे मोजत होती.